कष्टकरी जनावरांच्या जखमा : घरी काय करावे आणि काय करू नये

(आपल्या सभागृहात हावदालानंतर झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन. वक्ते निवृत्त पशुवैद्य असून त्यांचे शिक्षण मुंबईस झाले व पुढील सारी सेवा इंग्लंडमध्ये झाली.)



हा विषय जाहीर झाला तेव्हा आपल्यापैकी एका गृहस्थांनी मला हसत विचारले की, लंडनच्या उपनगरांत राहणाऱ्या आपल्या मंडळींना बैलांच्या जखमांशी काय कर्तव्य आहे? प्रश्न रास्त आहे. पण या सभागृहात बसलेल्या काही घरांतील मुली शनिवारखेरीज इतर दिवशी तट्टांच्या शाळेत जातात, हे मला ठाऊक आहे. दोन कुटुंबे शहर सोडून गावाकडे राहावयास गेली आहेत आणि त्यांच्या शेजारी मेंढपाळांची कुत्री आहेत. शिवाय ज्यांची वाडी अजून अलिबाग, पेण किंवा रोहा भागात कुणीतरी कसते आहे, त्यांना अधूनमधून रात्री दहा वाजता फोनवर एक छायाचित्र येते. बैलाची मान सुजलेली असते, कातडी सोललेली असते आणि खाली एकच प्रश्न असतो : ‘काय लावू?’

चाळीसएक वर्षांच्या व्यवसायात हाच प्रश्न मला मराठीत, इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी सर्वाधिक वेळा विचारला गेला. जनावराच्या जखमेवर काहीतरी लावलेच पाहिजे, ही माणसाची फार जुनी ओढ आहे. हळद लावतात, राख लावतात, रॉकेल लावतात, या देशात जांभळ्या रंगाचा फवारा मारतात. माझे उत्तर मात्र बहुधा असे असे की, लावण्याचे मागाहून पाहू, आधी काय काढायचे ते काढा. जू काढा, खोगीर काढा, तंग सोडा. कामामुळे झालेली जखम काम चालू असताना बरी होत नाही. हे वाक्य ऐकावयास सोपे आहे, पण ज्याचे पोट त्या जनावराच्या खांद्यावर आहे त्याला ते पचविणे सोपे नाही, आणि म्हणूनच मी त्यावर थोडा वेळ घेणार आहे.

आपले पूर्वज कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात, हे इथल्या लहान मुलांनाही सांगावे लागत नाही. तेलाचा धंदा म्हणजे घाणा, आणि घाणा म्हणजे डोळ्यांवर ढापणे बांधून दिवसभर एकाच वर्तुळात फिरणारा बैल. असा बैल सतत एकाच बाजूला वळत राहतो. म्हणून जुवाचा दाब मानेच्या एका अंगावर अधिक पडतो आणि तिथली कातडी आधी गरम होते, मग सुजते, मग सोलते. नांगराच्या बैलाला निदान तासाच्या टोकाला वळताना दाब बदलून मिळतो; घाण्याच्या बैलाला तेवढीही सवलत नाही. आपल्या नावात जो ‘शनिवार’ आहे तो शेजाऱ्यांनी आपल्या विसाव्यावरून ठेवला, पण तो विसावा एकट्या तेल्याचा नव्हता. दहा आज्ञांत बैलाचा आणि गाढवाचा शब्बाथ स्पष्ट सांगितलेला आहे. पशुवैद्य म्हणून मी एवढेच म्हणेन की, सात दिवसांतून एक पूर्ण दिवस त्या मानेवरून लाकूड उतरत असे, आणि नुकत्या सुजू लागलेल्या कातडीला अशा एका दिवसाने खरोखरच फरक पडतो. गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये ब्लॅकपूलच्या वाळूवर मुलांना फिरविणाऱ्या गाढवांनाही नगरपालिकेच्या नियमाने आठवड्याला एक दिवस सुट्टी असते. तो दिवस शुक्रवार आहे. थोडक्यात हुकले म्हणायचे.

मराठी शेतकरी या विकाराला ‘खांदेसूज’ म्हणतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी करण्याची रीत आहे. त्या वेळी बैलाच्या खांद्यांना हळद आणि तूप किंवा लोणी चोळतात. वर्षाचे कष्ट कुठे साठतात हे त्या रीतीला नेमके ठाऊक आहे. फक्त हे चोळणे अखंड कातडीसाठी आहे. सोललेल्या, ओल्या जखमेवर तेच तूप धूळ धरून ठेवते आणि माश्यांना निमंत्रण देते.

आता खांदेसुजेवर घरी काय करावे? पहिल्याच दिवशी, कातडी फाटलेली नसताना, थंड पाण्यात भिजवलेले फडके पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा ठेवावे. बैलाला कामावरून पूर्ण उतरवावे. आणि त्याच दिवशी जू हातात घेऊन पाहावे. लाकडाला गाठ आहे का, कड झिजून धारदार झाली आहे का, जोडीतला एक बैल उंच आणि दुसरा ठेंगणा आहे का, गाडीचा भार पुढे झुकला आहे का, पावसात मान ओली असतानाच जुंपले होते का? यातले एक तरी कारण सापडतेच. ते तसेच ठेवून औषध लावणे म्हणजे गळक्या पिंपात पाणी भरणे होय.

इथे एक चूक दोन्ही देशांत सारखीच होते. खोगिराखाली घोड्याची पाठ सोलली की लोक तिथे जाडशी गादी घालतात. हेतू चांगला असतो. पण बसत नसलेल्या खोगिराखाली गादी घातली की ते आणखी घट्ट होते. घट्ट बुटात दुसरा मोजा घालावा तसे. काही जण गादीला जखमेएवढे भोक पाडतात. त्या भोकाच्या कडेवर सगळा दाब येतो आणि जखमेभोवती नवे कडे उठते. खोगीर बसवणाऱ्या जाणकाराला बोलवावे, आणि कातडी भरून तिच्यावर केस येईपर्यंत पाठीवर काहीही ठेवू नये. जुन्या दाबाच्या जागी पुढे पांढरे केस उगवतात व ते कायमचे राहतात. तट्टू विकत घेणाऱ्याने मानेमागच्या उंचवट्यावर असे पांढरे ठिपके आहेत का हे जरूर पाहावे. विकणारा सांगणार नाही ते ते सांगतात.

या देशाचा कायदा माहीत असणे आवश्यक आहे, कारण इथे ‘घरगुती उपचार’ या शब्दाला मर्यादा आहेत. 1966 च्या पशुवैद्य कायद्याप्रमाणे जनावरावर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यालाच आहे. मालकाला, त्याच्या घरच्या माणसाला किंवा नोकराला किरकोळ वैद्यकीय उपचार करण्याची मुभा आहे, आणि अचानक संकटात जीव वाचविण्यासाठी किंवा वेदना कमी करण्यासाठी प्रथमोपचार कोणालाही करता येतो. याचा अर्थ शेजाऱ्याच्या घोड्याची जखम आपण कौतुकाने शिवून देऊ शकत नाही. दुसरीकडे, इंग्लंड व वेल्समध्ये 2006 च्या प्राणिकल्याण कायद्याने जनावराला वेदना व आजारापासून जपण्याचे कर्तव्य मालकावर घातले आहे. म्हणजे ‘मी घरी काहीतरी लावत होतो’ हा बचाव पुरत नाही. भारतातील 1960 च्या कायद्यानेही जखम किंवा व्रण यामुळे कामास अयोग्य झालेल्या जनावराला कामाला लावणे हा गुन्हा ठरविला आहे. गावाकडच्या आपल्या मंडळींना हे सहसा ठाऊक नसते.

या कायद्यांच्या मागे जी चळवळ होती तिच्यात आपल्या धर्माचा एक माणूस होता, हे इथे सांगितल्यावाचून मला राहवत नाही. 1824 च्या जून महिन्यात लंडनच्या सेंट मार्टिन्स लेनमधील एका कॉफीगृहात काही मंडळी जमली आणि त्यांनी प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी संस्था स्थापिली. तीच पुढे राजाश्रय मिळून ‘आर.एस.पी.सी.ए.’ झाली. तिच्या संस्थापकांत लुइस गोम्पर्ट्झ नावाचे एक ज्यू गृहस्थ होते. ते यंत्रशोधक होते, मांस खात नसत आणि घोडे जुंपलेल्या गाडीत बसत नसत. काही वर्षे ते या संस्थेचे चिटणीस होते. पुढे 1832 च्या सुमारास संस्थेने आपला पाया ख्रिस्ती धर्मतत्त्वांवर असल्याचे ठरविले, तेव्हा ते बाहेर पडले व त्यांनी ‘अ‍ॅनिमल्स फ्रेंड सोसायटी’ ही वेगळी संस्था काढली. लंडनच्या रस्त्यांवर त्या काळी घोड्यांची काय अवस्था असे याची कल्पना करा, म्हणजे पायी चालण्याचा त्यांचा हट्ट विक्षिप्त वाटणार नाही. आपल्या मुलांना हे नाव माहीत असावे असे मला वाटते.

असो. जखमेकडे वळू.

प्रथम स्वतःला जपा. वेदनेने व्याकूळ झालेले सर्वांत गरीब जनावरही लाथ मारते किंवा चावते. एकट्याने काही करू नये. घोड्याच्या डोक्याशी एकाने उभे राहावे, जखम पाहणाऱ्याने त्याच बाजूला उभे राहावे आणि गुडघे टेकून बसू नये. ओणवे राहावे, म्हणजे झटकन मागे सरता येते. बैलाला वेसणीने आखूड बांधावे. कुत्र्याचे तोंड मऊ पट्टीने बांधता येते, पण त्याला श्वासाचा त्रास असेल किंवा तो ओकत असेल तर मुळीच बांधू नये. हातांत रबरी मोजे असावेत.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याची घडी जखमेवर दाबून धरावी व घड्याळात पाहून दहा मिनिटे हात काढू नये. दर मिनिटाला उचलून पाहिले की धरलेली गुठळी निघते. फडके भिजले तर त्यावर दुसरे ठेवावे, पहिले काढू नये. रक्त उसळत असेल तर दाब तसाच धरून दुसऱ्याने पशुवैद्याला फोन करावा.

रक्त थांबल्यावर धुणे. घरगुती उपचारांत याहून मोलाचे काही नाही, आणि ते अगदी स्वस्त आहे. अर्धा लिटर पाणी उकळून थंड करावे व त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ विरघळवावे. एवढेच. अधिक मीठ म्हणजे अधिक गुण नव्हे. त्याने उघडे मांस पोळते. हे पाणी सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजने किंवा स्वच्छ बाटलीने जखमेवर सोडावे, माती व केस वाहून जाईपर्यंत, आणि वाटते त्याच्या दुप्पट. मोठी मातकट जखम असेल तर आधी नळाचे स्वच्छ पाणी मंद धारेने चालते. जोराच्या धारेने मात्र घाण आत ढकलली जाते. कडेचे केस कापायचे असतील तर आधी जखमेत पाण्यात विरघळणारी जेली भरावी, म्हणजे कापलेले केस तिच्यात अडकतात व धुताना निघून जातात. नंतर पोव्हिडोन आयोडीन पाण्यात घालून फिकट कोऱ्या चहाच्या रंगाचे करावे व त्याने पुसावे. बाटलीतले दाट तपकिरी द्रावण तसेच ओतल्याने नव्या पेशीच मरतात. पुसायला जाळीदार कापड घ्यावे. कापूस थेट जखमेवर ठेवू नये, त्याचे तंतू आत राहतात.

आता ‘काय लावू?’ या प्रश्नाची दुसरी बाजू. हायड्रोजन पेरॉक्साइड फसफसते, म्हणून लोकांना ते काम करते आहे असे वाटते. ते जंतूंबरोबर भरून येणारे मांसही जाळते. स्पिरिट, दाट डेटॉल, रॉकेल, टर्पेंटाइन, मोरचूद, चुना, गाडीचे जुने तेल, यांपैकी काहीही नको. राख आणि शेण तर नकोच, कारण त्यातून धनुर्वाताचे जंतू थेट आत जातात. हळद स्वतः विष नव्हे, आणि तिच्याविषयी मला आदर आहे. पण स्वयंपाकाची भुकटी जखमेवर जाड कवच धरते, वरून कोरडे दिसते आणि खाली पू साचतो. मधाचे तसेच. घोड्यांच्या जखमांवर आम्ही मध वापरतो, परंतु तो निर्जंतुक केलेला वैद्यकीय मध असतो, फडताळातील बरणीतला नव्हे.

पायाला पट्टी बांधायची तर आधी भरपूर मऊ अस्तर, मग पट्टी. तिच्या खाली सूज आली, जनावर पट्टी चावू लागले, किंवा वास आला, तर ती लगेच सोडावी. घट्ट पट्टीने मूळ जखमेपेक्षा मोठे नुकसान झालेले मी पाहिले आहे.

आणि माश्या. कोकणात पावसाळ्यात आणि इथे उन्हाळ्यात, उघड्या जखमेत एक-दोन दिवसांत किडे पडू शकतात. माशी हाकलणारे औषध जखमेभोवती लावावे, आत नव्हे. किडे पडलेच तर चिमट्याने दिसतील तेवढे काढून, धुऊन, त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावे, कारण वर दिसतात त्याहून पुष्कळ खाली असतात.

कोणती जखम घरी ठेवूच नये, हे ओळखणे मला सर्व औषधांपेक्षा महत्त्वाचे वाटते. लोक जखमेचा आकार पाहतात, आणि तिथेच फसतात. केंटमध्ये गाडी ओढणाऱ्या एका धट्ट्याकट्ट्या घोड्याच्या मागच्या पायाला, खुराच्या वरच्या सांध्यापाशी, एक भोक पडले होते. करंगळीचे टोकही आत जाणार नाही एवढे. मालक काळजीवाहू माणूस होता. तो रोज धुऊन मलम लावी. तिसऱ्या दिवशी घोडा पाय टेकेना तेव्हा मला बोलावले. काटा सांध्याच्या पोकळीत गेला होता आणि आतले वंगण पिवळसर, पातळ होऊन बाहेर येत होते. पहिल्याच दिवशी सांधा धुता आला असता तर तो घोडा बहुधा वाचला असता. त्याच तबेल्यात त्याच वर्षी दुसऱ्या घोड्याच्या छातीवर तारेने हातभर कातडी फाटली होती. पाहणाऱ्यांना भोवळ आली, आणि ती जखम सहा आठवड्यांत भरून गेली. तेव्हा सांध्याजवळची किंवा पायाच्या मागच्या शिरेवरची कितीही लहान जखम, डोळ्याची जखम, छातीत वा पोटात खोल गेलेली, ज्या जखमेच्या मानाने लंगडणे फार आहे अशी, आणि खुरात घुसलेला खिळा, यांत थेट फोन करावा. खिळा शक्यतो ओढू नये. तो कुठवर गेला आहे हे तो जागेवर असतानाच कळते. पाय टेकल्याने तो आणखी आत जात असेल, तर काय करावे हे फोनवर विचारावे. टाके घालण्याजोगी जखम काही तासांतच दाखवावी लागते, दुसऱ्या दिवशी त्या कडा जुळत नाहीत.

घोडा आणि गाढव धनुर्वाताला फार लवकर बळी पडतात. बैल व कुत्रा त्या मानाने कमी. तट्टाची धनुर्वाताची लस चालू आहे की नाही, हे जखम होण्याआधीच वहीत पाहून ठेवावे. आपल्या स्वतःच्या लसीचेही तेच.

औषधांच्या कपाटाबद्दल थोडे. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या जनावराला देऊ नयेत. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटाला व मूत्रपिंडांना इजा होते, आणि पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. गुरांना डायक्लोफेनॅक देण्याची प्रथा भारतात होती. मेलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली, इतकी की ती जातच नाहीशी होऊ लागली, आणि 2006 मध्ये पशुवैद्यकात त्या औषधावर बंदी आली. मागच्या आजारातून उरलेली प्रतिजैविकेही तशीच टाकावीत, म्हणजे औषधाच्या दुकानात परत द्यावीत.

शब्बाथच्या दिवशी जनावराला जखम झाली तर? हा प्रश्न मला इथल्या एका आजींनी आधीच विचारून ठेवला आहे. हा प्रश्न जुना आहे. तालमूदमध्ये त्याची चर्चा आहे आणि शुल्हान आरुखमध्ये निर्णय आहे. ताजी, दुखणारी जखम असेल तर तिला तेल लावण्यास मुभा आहे; जखम बरी होत आली असून केवळ सुखासाठी लावायचे असेल तर नाही. त्या निर्णयात मला एक वैद्य दिसतो, कारण दुखणारी आणि भरत आलेली जखम यांतला भेद त्याने हात लावून ओळखलेला आहे. फोन, गाडी वगैरे गोष्टींबद्दल मी बोलणार नाही. ज्यांच्या घरी जनावर आहे त्यांनी आपल्या रब्बींना आधीच विचारून ठेवावे, शुक्रवारी संध्याकाळी घाईत नव्हे.

शेवटी गावाकडच्या त्या छायाचित्रांविषयी. तिकडून जखमेचे चित्र आले तर पहिला प्रश्न असा विचारा की, ही जखम कशाने झाली? कुत्रा चावल्याची शंका जरी असली तरी तिथल्या मंडळींना सांगा की उघड्या हाताने शिवू नका, जनावराच्या तोंडात हात घालू नका, आणि लगेच पशुवैद्याला कळवा. ब्रिटनमध्ये आपण रेबीज विसरून गेलो आहोत. भारतात तो विसरता येत नाही. जनावराची लाळ कुणाच्या हातावरच्या चिरेला लागली असेल तर ती जागा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी त्या माणसाने दवाखान्यात जायचे. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी तिकडे 1962 हा निःशुल्क क्रमांक आहे. तो आपल्या गड्याच्या फोनमध्ये भरून ठेवायला सांगा. आणि दुसरा प्रश्न : जू उतरवले का? उतरवले नसेल, तर आठ-दहा दिवस भाड्याने दुसरी जोडी किंवा ट्रॅक्टर लावायला किती पैसे पडतील ते विचारा आणि ते पाठवा. इथून पाठवलेल्या मलमापेक्षा त्या पैशाचा त्या बैलाला अधिक उपयोग होईल.

मागच्या रांगेतून एक हात केव्हाचा वर आहे. विचारा, काका.